शेवटच्या कडव्यातलं दार

दार वाजलं नाही. शेवटचं कडवं सुरू झालं, मेंडोलिन पायरी पायरीनं खाली उतरत आलं, आम्ही चौघांनी नेहमीसारख्या माना खाली घातल्या आणि वाट बघू लागलो, आणि जिथं दार वाजायचं तिथं एक बाई गातच राहिली. अगदी खालच्या आवाजात, गाणाऱ्याच्या आडोशाला उभं राहून गावं तशी, पण गात होती, शेवटच्या ओळीपर्यंत. मग गाणं संपलं. सुई रिकाम्या रेघांवरून खरखरत फिरत राहिली आणि ती उचलायला कुणी उठलं नाही. रविवारी सकाळी दवाखाना बंद असतो, म्हणून आम्ही दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत जमतो. एरवी जिथं लोक गाल धरून बसतात तिथं आम्ही डोळे मिटून बसतो, एवढाच फरक. भिंतीवर उभी चिरलेली दाढ, कोपऱ्यात मासे नसलेला माशांचा हौद, आणि लवंगेच्या तेलाचा वास, जो माझ्यापुरता आता त्या गाण्यांचाच वास होऊन बसला आहे. माझी स्वतःची दाढ दुखायला लागली तरी मला आधी मेंडोलिन ऐकू येतं.

"पुन्हा लावा," भूगोलमास्तर म्हणाले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण सांगणं अजून वर्गात सांगितल्यासारखंच. ट्यूनरनं सुई उचलून अलगद मागे ठेवली. हा आमच्यात सगळ्यात तरुण. लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून देणं हा त्याचा धंदा, आणि ही नवी कोरी रेकॉर्डही त्यानंच मागवून आणलेली. पुन्हा कडवं, पुन्हा मेंडोलिन, पुन्हा ती बाई. दार नाही. "म्हणजे वहिनी गेल्याच नव्हत्या," डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या. मयताला जावं आणि ज्याचं मयत त्यानंच येऊन दार उघडावं, तसं काहीसं आमचं झालं. आनंद व्हायला हवा होता, पण आम्ही चौघंही फसवल्यासारखे बसून राहिलो.

ते पाच जण आमचे कुणी लागत नाहीत. दूरच्या मुलुखातले, आमच्या आईवडिलांच्या वयाचे. म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून, खलाशांकडून जुनी गाणी गोळा करायची आणि ती विजेच्या गिटारवर वाजवायची, हा त्यांचा उद्योग. तीन रेकॉर्डी काढल्या आणि पांगले. त्यांची खरी नावं आम्ही फक्त नवख्या माणसासमोर घेतो. आपसांत, गाणी रचणारा आणि म्हणणारा तो थोरला, मेंडोलिन वाजवणारा त्याचा भाऊ तो धाकटा, पांढऱ्या दाढीचे व्हायोलिनवाले ते आजोबा, आधी खुर्च्या-टेबलं करायचा आणि मग ड्रमकडे वळला तो सुतार, आणि गाणारी, थोरल्याची बायको, ती वहिनी. एकदा एक गृहस्थ दाढ ठणकते म्हणून चुकून रविवारीच आत आले आणि भिंतीला टेकून बसले. मास्तर तेव्हा सांगत होते, की थोरल्याचं आणि धाकट्याचं पहिल्यापासूनच पटत नव्हतं, वहिनींनी मधे पडून पडून निभावलं, आजोबा तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. गृहस्थ थोडा वेळ ऐकत राहिले आणि गालावरचा हात न काढता म्हणाले, "वाटणी करून टाका एकदाची, मोकळे व्हाल." त्यांचं तसं फार चुकलं नव्हतं. पुढं त्या पाच जणांच्या वारसांत खरोखरच भाऊबंदकी माजली आणि कोर्टकचेऱ्यांपायी तिसरी रेकॉर्ड त्यानंतर छापलीच गेली नाही. ती म्हणजे उंबराचं फूल. मागच्या वर्षी वारसांचं कसंबसं जमलं, आणि आज ते फूल आमच्यासमोर फिरत होतं.

पहिल्या दोन रेकॉर्डी आमच्याकडे पूर्वीपासून होत्या. पहिली भिंतींना गाद्या टांगून घाईघाईत उरकलेली. दुसरीत आजोबांचं व्हायोलिन जिन्यात उभं राहून वाजवलेलं आहे, कारण खोलीत ते सुताराच्या ड्रमखाली चिरडायचं. नीट ऐकलं तर वरच्या मजल्यावर कुणी तरी चालतं तेही कळतं. तिसरीची मात्र फक्त मागची बाजू, आणि तीही टेपवर. ती टेप माझी. बाकीच्यांकडे तिच्या नकला, नकलांच्या नकला. तिसरी रेकॉर्ड त्यांनी एका हिवाळ्यात धान्याच्या रिकाम्या कोठारात केली, एवढं छापून आलेलं आहे. पुढचं आम्ही ऐकून ऐकून जुळवलं. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी दार घासत उघडतं, लागतं, आणि मागोमाग दोन ठोके येतात. टक, टक. दुसरा पहिल्याहून हलका. मास्तरांनी याचा अर्थ लावला होता. वहिनी गाणं अर्ध्यात टाकून निघाल्या, हातातली खंजिरी दाराच्या खिळ्याला अडकवली, आणि दार लागताना ती हलली. त्यानंतर वहिनी कुठंही गायल्या नाहीत, हे तर जगजाहीर होतं. थोरल्यानं गाणं थांबवलं नाही आणि नंतर ते दार कापूनही टाकलं नाही. यावर मास्तरांनी लेख लिहिले. परमुलुखातल्या कुणी कुणी त्यांना कळवलं की आमच्या रेकॉर्डवर असलं दार नाही, तर मास्तरांनी उलट टपाली उत्तर दिलं की तुमची छपाई दुसऱ्या खेपेची, कंपनीनं दार कापलेली. सूर किंचित चढा का, असं ट्यूनरनं विचारलं तर मास्तर म्हणाले, कोठारात थंडी होती, थंडीनं तारा आखडतात. सगळ्याला उत्तर होतं. आमच्या बैठकीत दाराजवळची एक खुर्ची आम्ही रिकामी ठेवत असू, आणि ती का, हे एकमेकांना कधी सांगावं लागलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, टेपच्या अगदी शेवटाची. शेवटचा सूर विरतो, पुरता विरतो, आणि खट्. बटण दाबल्याचा आवाज. एक श्वास अलीकडे नाही, एक श्वास पलीकडे नाही. ट्यूनर नेहमी म्हणायचा, ज्यानं हे बटण दाबलं त्याचा कान सोन्याचा. मी मनातल्या मनात फुशारून जायचो, कारण टेप माझ्या ताईची होती. ताईनं ती कुठून तरी पैदा केली असावी, असं मी धरून चाललो होतो, आणि ताई घर सोडून गेली तेव्हा ती मागे राहिली, एवढंच मला ठाऊक. बाकी तिचं घरात काहीच राहिलं नाही.

त्या सकाळी ट्यूनरनं माझ्याकडून टेप मागून घेतली, डॉक्टरीणबाईंच्या जुन्या यंत्रात घातली आणि एकदा ती, एकदा रेकॉर्ड, असं आळीपाळीनं ऐकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, राग मानू नका. हे रेडिओवरून घेतलंय. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून. हा घुमतोय तो आवाज कोठाराचा नाही, राहत्या खोलीचा आहे. आणि सेल उतरले होते. उतरलेल्या सेलवर टेप हळू फिरते, मग चांगल्या सेलवर लावली की सूर वर चढतो."

"आणि दार?" मास्तर म्हणाले.

"दार त्याच खोलीचं असणार, मास्तर."

"वहिनींचा आवाज मग?"

"तो खाली आहे ना, रेडिओवर पोचलाच नसेल. तेवढा बारीक आवाज त्या डबड्यात कुठून येणार." सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, बहिणीनं केली असेल, मी लहान होतो. ट्यूनरनं ती जागा आणखी एकदा लावली, आणि या वेळी मी गाणं ऐकलंच नाही. गाण्याच्या अलीकडे एक खोली होती. त्या खोलीत एक दार फरशीला घासून उघडलं, तळाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं पावसाळ्यात लाकूड फुगायचं आणि बाबा दर वर्षी रंधा मारीन म्हणायचे. दार लागलं. टक, टक. मला त्या ठोक्यांची जाडी कळली, त्यातलं लाकूड कळलं. खंजिरी नव्हती ती. ती बाबांची छत्री होती.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दारंच ऐकतो म्हटलं तरी चालेल. कुठल्याही इमारतीत शिरलो की चार मजले वरचं दार नीट मिटलं की नाही हे मला खालून कळतं, आणि लोकांना त्याचं कौतुक वाटतं. आणि इतकी वर्षं मी माझ्याच घराचं दार, दुसऱ्यांच्या घरचं समजून, मान खाली घालून ऐकत आलो होतो. काखेत कळसा, म्हणतात ते हेच. घरी जाताना मी बसमध्ये बसलो नाही, चालत निघालो. रविवारची दुपार होती, दुकानांच्या निम्म्या फळ्या ओढलेल्या, एका केशकर्तनालयात एकच गिऱ्हाईक डोळे मिटून मागे रेललेलं. रस्ता माझ्या पायांखालून स्वतःच चालल्यासारखा वाटत होता. मधेच मास्तरांचा फोन आला. "अरे, मग ते कसलं दार होतं रे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "बघतो मास्तर," मी म्हणालो. "मी त्या बाईसाठी रडलोय रे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ती टेप झाली त्या दिवशी मला ताप होता. हे मला पक्कं आठवतं, कारण तापातली खोली मी पुढं कधीच विसरलो नाही. छत खाली आलं होतं, चादरीवरची फुलं हळूहळू सरकत होती, आणि भिंतीपलीकडून गाणं येत होतं, पाण्याखालून यावं तसं. रेडिओवर दुपारी कधी कधी एखाद्या रेकॉर्डची अख्खी बाजू वाजवायचे. ताई त्याची कितीतरी दिवस वाट बघायची, आणि त्या वेळात घरात चिडीचूप. आमचा टेपरेकॉर्डर रेडिओला वायरीनं जोडता यायचा नाही, नुसता समोर ठेवायचा. म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना कुणी बोलायचं नाही, भांडं ठेवायचं नाही, शिंकायचं नाही, असा तिचा दंडकच होता. एकदा आई दूध उतू जातंय म्हणून ओरडली आणि ते ओरडणं गाण्यात कायमचं बसलं. ताई दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून ती टेप लावायला वाकली की सगळं घर खुणांनी बोलायचं. बाबासुद्धा. बाबा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानांत जाऊन तराजू बघायचे, खोटी वजनं जप्त करायचे, आणि घरीही शब्द तोलूनच वापरायचे, पासंगालासुद्धा एक जास्त नाही. त्यांची लाकडी मुठीची जाड छत्री उन्हातान्हातही त्यांच्या हातात असायची आणि घरी आले की दाराच्या आतल्या खिळ्याला. दार लागलं की ती दोनदा आपटायची. आम्हा भावंडांना त्यावरून कळायचं की आता हसणं बंद.

त्या तापात मला वाटलं की गाण्यातून कुणीतरी उठून गेलं. मग झोप लागली असावी. जागा झालो तर आई मावशीकडून परत आली होती आणि पलंगाच्या कडेवर नुसती बसली होती. बाबा खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते. ताई कुठं आहे, मी विचारलं. आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला, तो माझ्यापेक्षा गरम होता. ताई ज्याच्याबरोबर गेली तो माणूस वाईट नव्हता, हे मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळलं की तिचे कपडे, चपला, केसांच्या पिना, सगळं कुठं कुठं देऊन टाकलं गेलं आणि घरात तिचं नाव निघेनासं झालं. बाबा कामावर असताना, कुणाला न सांगता, डोळा चुकवून गेली, असं आई म्हणायची, आणि बाबा ते खोडत नसत, मान्यही करत नसत. टेपरेकॉर्डर तेवढा त्यांनी ठेवला. चांगली वस्तू आहे, मोडीत कशाला, एवढ्यावर भागवलं. त्यात अडकलेली टेप मी काढून घेतली तेव्हा त्यांनी बघितलं होतं, पण बोलले नाहीत. मी त्या न बोलण्यावर मोठा झालो. माणूस नसून दगड आहे, असं मी त्यांच्याबद्दल ठरवून टाकलं, आणि पोरगा बापाबद्दल एकदा काही ठरवतो तेव्हा ते सहसा बदलत नाही.

आई गेली त्या वर्षी ताईनं मला शोधून काढलं. तेव्हापासून आम्ही फोनवर बोलतो, मी कामावर असताना, बहुतेक एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून. तिचा आवाज आता आईसारखा झाला आहे. टेपचं मी तिला कधीच सांगितलं नाही. ती टाकून गेलेल्या वस्तूवर मी माझा सगळा संसार थाटला, याची थोडी लाज वाटायची. बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं, तेव्हा ती विचारू लागली. मागच्या आठवड्यात तर तिनं सरळच विचारलं. "मी येऊ का रे? तू विचार त्यांना एकदा. नाही म्हणाले तर नाही येणार, पण विचार." मी हो म्हणालो आणि विचारलं नाही. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसायचो, त्यांच्या हनुवटीवरचं पाणी टिपायचो, आणि प्रश्न जिभेवरून परत गिळायचो. मला त्यांचं उत्तर माहीत होतं. ते एकदा त्यांनी मानेनं दिलं असतं की मग मला ते ताईला सांगावं लागलं असतं, आणि तिच्यासाठी उरलेलं घरसुद्धा पुसलं गेलं असतं. परवा ती म्हणाली, "अरे, असं तुझं विचारणं होईपर्यंत आम्हा दोघांपैकी एक जण राहायचा नाही." हसून म्हणाली, पण मला ते हसणं ऐकवेना.

सोमवारी एका जुन्या कचेरीच्या इमारतीत काम होतं. तपासणीच्या वेळी लिफ्टच्या टपावर बसून सावकाश वर जायचं असतं, हातात एक बटण, डोक्यावर अंधार, आणि समोरून एकामागून एक दारांच्या पाठी खाली सरकतात. बाहेरची माणसं दारांच्या तोंडाकडून बघतात. मला सगळी दारं मागून माहीत आहेत. त्या अंधारात मी ते कडवं मनातल्या मनात लावलं. आता ते मला वाटेल तेव्हा लागत होतं, टेप नको की काही नको. दार घासलं. लागलं. छत्री आपटली. पुन्हा मागे. दार, छत्री. दुसऱ्या मजल्याची पाठ गेली, तिसऱ्याची आली. छत्री आपटली म्हणजे छत्री खिळ्याला होती. मी बटण सोडलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली आणि दोर थोडा वेळ थरथरत राहिले. छत्री खिळ्याला होती म्हणजे बाबा घरात होते.

मी तिथंच बसून राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. खालून चौकीदारानं विचारलं, काही अडलंय का. मी म्हणालो, नाही, ऐकतोय. ते खरंच होतं. कारण आता टेपचा शेवटही ऐकू येत होता. ताई कडव्याच्या तोंडाशी दाराबाहेर पडली. गाणं पुढं चालू राहिलं, पुरं झालं, शेवटचा सूर विरला, आणि खट्. आई मावशीकडे. मी तापात. मग तो सोन्याचा कान कुणाचा? गाण्यांचा काडीचाही शौक नसलेले, रेडिओवर फक्त बातम्या ऐकणारे, ताईच्या पाच जणांना 'तुझे ते रडवे' म्हणणारे बाबा मला दिसले. पण त्या खोलीत दिसले, टेपरेकॉर्डरसमोर, एकटे. एका कडव्याइतका वेळ. मला ते चित्र डोळ्यांसमोर ठरेना. पाण्यातल्या चेहऱ्यासारखं सारखं मोडत होतं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा दिवसा बाबांना सांभाळणाऱ्या बाई निघायच्या बेतात होत्या. "आज बरं आहे, खिडकीत बसायचं म्हणत होते," त्या म्हणाल्या. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, डाव्या हाताची बोटं चादरीच्या काठावरून मागे पुढे फिरत होती, तराजूचा काटा हलावा तशी. मी माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला. धूळ पुसली, नवे सेल घातले. घर तेच नाही, दार तर नाहीच. आमचं हे दार बिनआवाजाचं आहे, मी स्वतः बसवलेलं. यंत्र मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याकडे.

"बाबा, एक ऐकायचंय," मी म्हणालो. मी टेप शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला आणून लावली आणि पलंगावर जाऊन बसलो. बाहेर उजेड पिवळा झाला होता. थोरला गाऊ लागला, त्या चढ्या, चुकीच्या सुरात, जो माझ्यासाठी आता कायमचा बरोबर सूर आहे. बाबांची बोटं थांबली. कोठारातली थंडी नव्हती, काही नव्हतं. आमची जुनी खोली होती, त्यातलं हिरवं कपाट, भिंतीवरचा ओलाव्याचा डाग, पलीकडे ताप आलेला मी. मी पलंगावर बसल्या बसल्या त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना होतो. गाणं फार सावकाश चाललं होतं. मला वाटलं, ते संपू नये, निदान कडवं येऊ नये. मेंडोलिन खाली उतरू लागलं तशी बाबांनी डावा हात उचलला आणि हवेत धरून ठेवला. दार घासलं. लागलं. टक, टक. त्यांचा चेहरा हलला नाही, पण हात किंचित खाली आला, तर्जनी पुढं केलेली. थोरला एकटा गात राहिला, शेवटची ओळ दोनदा म्हणाला, सूर लांबला, बारीक झाला, उरला, आणि नाहीसा झाला. त्याच क्षणी बाबांनी बटण दाबलं. टेपमधला खट् आणि खोलीतला खट्, दोन नव्हते, एकच झाला.

मग त्यांचे ओठ हलू लागले. एकेका शब्दाला त्यांना वेळ लागतो, विहिरीतून भरली घागर ओढावी तसा, आणि मी मधे शब्द पुरवू नये हे मी शिकलो आहे.

"बोट," ते म्हणाले. "बोट दाखवलं तिनं. बटणाकडं." त्यांनी डावी तर्जनी पुन्हा दाखवली. "संपलं की दाबा."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हा काय वेड्यासारखा प्रश्न, असं. "चालू होतं ना," ते म्हणाले. "आवाज आला असता."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्या खोलीत हातात पिशवी घेतलेली ताई होती आणि बाबा होते, आणि थांब म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो तिच्या गाण्यात कायमचा बसला असता. त्यांनी तो तोलला असणार. तिनं मागितलेली एकच गोष्ट त्यांच्या हाती होती, आणि ती करायला ते तिथंच बसून राहिले, कडवं संपेपर्यंत, आणि तोवर तिला न्यायला खाली थांबलेली गाडी निघून गेली असणार. बाबांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते यंत्राकडेच बघत होते. मग अर्ध्या चेहऱ्यानं बोलण्याचा तो सगळा खटाटोप त्यांनी पुन्हा सुरू केला.

"तिला सांग," ते म्हणाले. "दाबलं म्हणावं. वेळेवर."

मी डोळे पुसले आणि फोन हातात घेतला. "तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "येऊ का विचारतेय ती."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग त्यांनी डाव्या हातानं स्टूल थोडं पुढं, माझ्याकडे सरकवलं.

"मग ही टेप मागं घेऊन ठेव," ते म्हणाले. "सुरुवातीला."